पाहणी अहवालात न बसलेलं

लघुउद्योगांना अनुदान देणाऱ्या खात्यात माणूस टिकला की त्याच्याकडे प्रमोशन नसतं, पण किस्से ढिगानं असतात. अहवालात ते लिहिता येत नाहीत आणि घरी सांगितले तर बायको अंगारा लावते. मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. आमचा ड्रायव्हर सलीमभाई ठेवतो, पण तो सरकारी योजनांवरही ठेवतो!

*

झरीला लाकडी घाण्याच्या तेलाचं युनिट बघायला गेलो. यंत्र चालताना बघितल्याशिवाय अनुदान सोडायचं नाही, असा नियम. शेडला कुलूप होतं आणि आत घाणा कुरकुरत होता. मालकानं दार उघडलं. आत चिटपाखरू नाही, घाणा थांबलेला. बटण दाबलं तर लाइट नव्हती, सकाळपासूनच गेलेली. मी घाण्याला हात लावला. गरम होता.

मालक शांतपणे म्हणाला, "साहेब, चालताना ऐकला ना तुमी? मंग लिवा की."

मी लिहिलं. काय करणार, ऐकला तर होताच.

*

पिंगळीच्या गजाननला हळद पावडरची पहिलीच एक्स्पोर्ट ऑर्डर मिळायची होती. दुबईच्या व्यापाऱ्याला व्हिडिओ कॉलवर गोडाऊन दाखवायचं होतं. आत तो आणि मी, दोघंच. व्यापारी माल बघून खूश झाला, मग म्हणाला, "पीछे वो बुजुर्ग कब से खड़े हैं, उनको बिठाओ तो सही."

मी मागं बघितलं. पोत्यांची थप्पी आणि भिंत.

गजाननला काहीच वाटलं नाही. कोपऱ्यातली खुर्ची त्यानं थप्पीपाशी सरकवली आणि पुढं भाव सांगायला लागला. ऑर्डर पक्की झाली.

परतताना सलीमभाईला सांगितलं. तो म्हणाला, "साहेब, मैं गाडीमेंच कायकू बैठा था, समझे नहीं क्या आप?"

*

आणि पोखर्णीकडच्या सिंधूताई. पापड-शेवयांचं युनिट टाकायचं, गल्लीतल्या बायकांना गावातच काम द्यायचं, हे एकच त्यांच्या डोक्यात. मशीन ठरलेलं, बायका सोबत आमच्या ऑफिसात आलेल्या, ऑनलाइन अर्जाचा शेवटचा दिवस, आणि ओटीपीवर घोडं अडलं. आधारला नंबर सासऱ्यांचा जोडलेला. आधार काढलं तेव्हा घरात फोन त्यांच्याकडंच होता.

"मग घ्या की त्यांच्याकडून."

"त्यांच्याकडून कशाचा मिळायलाय, साहेब. धंद्याचं नाव काढलं की ताटावरून उठायचे."

नंबर तेवढा सांगून त्या बाहेर बायकांपाशी जाऊन बसल्या. मला राग आला. सुनेचं चांगलं व्हायला लागलं की आडवी येणारी म्हातारी माणसं मी लय बघितलीत. मी सरळ तो नंबर लावला.

बराच वेळ रिंग वाजली. मग खोकला, आणि म्हातारा आवाज आला, "कोण हाय?"

मी सगळं सांगितलं. सून हुशार आहे तुमची, बाबा. तिच्यामागं चार घरं चालतील. आज तुम्ही नाही म्हणालात तर सगळं संपलं. पलीकडं नुसतं वारं वाहत होतं. मी फोन ठेवणार, तेवढ्यात त्यांनी ओटीपीचा एकेक आकडा सांगितला, सावकाश, अडखळत. मी टाकला. अर्ज गेला.

बाहेर येऊन मी जरा तोऱ्यातच म्हणालो, "ताई, दिला की हो सासऱ्यांनी. नीट समजावून सांगितलं, झाले कबूल."

सोबतच्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. सिंधूताईंनी तोंडाला पदर लावला आणि त्या रडायला लागल्या.

"जिते होते तवर एकदाबी हो म्हणले न्हाईत, साहेब."