हातावरचं नाव

कातडीच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसलं की सगळेच एकमेकांना चोरून न्याहाळतात. माझ्या गालांवर वांग आलेत. कुणाची नजर तिकडे वळली की मी मान फिरवत होते. शेजारी साठीच्या एक बाई बसल्या होत्या, चेहरा अगदी नितळ. न राहवून मी विचारलं, "तुम्हाला काय झालंय?"

त्यांनी ब्लाउजची लांब बाही वर सारली. हातावर हिरवट अक्षरांत एक नाव गोंदलेलं होतं.

"मालकांचं. लग्नानंतरच्या जत्रेत गोंदवलं हौसेनं. पुढं ते दुसरीबरोबर गेले ते गेलेच. लेझरनं निघतं म्हणे."

"मग आत्ताच का काढताय?"

"नात वाचायला शिकली. परवा अक्षरांवर बोट ठेवून तिनं मोठ्यानं वाचलं. इतक्या वर्षांत घरात हे नाव कुणी घेतलं नव्हतं."

त्यांना आत बोलावलं आणि मला काही बसवेना. उठून दारापर्यंत गेले, परत आले. मनातून गेलेलं माणूस कातडीवर उरतं, की कातडीवर आहे म्हणून मनातून जात नाही? हात नकळत गालाकडे गेला.

त्या बाहेर आल्या. "पुष्कळदा यावं लागेल. तरी पुसट खूण राहीलच, म्हणाले डॉक्टर."

"चालेल तुम्हाला?"

"खूण राहू दे की," त्या शांतपणे म्हणाल्या, "वाचता आलं नाही म्हणजे झालं."