कालनी गाडी

उभी गाडी मला तशीही सोसत नाही, पण पिल्लांची गाडी उभी राहिली की माझा जीव टांगणीलाच लागतो. आदल्या रात्री अंड्यातून निघालेली कोंबडीची पिल्लं भोकं पाडलेल्या खोक्यांत भरतात आणि खोक्यांवर खोके रचून थप्पी लावतात. गाडीच्या दोन्ही बाजूंना जाळी असते. गाडी पळते तोवर वारा आत फिरतो. थांबली की पिल्लांच्याच अंगाची गरमी आत कोंडते आणि मधल्या थप्पीतली आधी जातात. हे मला कुणी शिकवलं नाही, खोके उतरवून उतरवून कळलं.

त्यात मे महिना. सुरतेकडच्या हॅचरीतून पहाटे माल उचलला आणि ऊन डोक्यावर यायच्या आत नवापूर ओलांडून एका पोल्ट्री फार्मच्या गेटाशी आलो. तिथला मॅनेजर नवा होता, साताऱ्याकडचा, बोलणं अगदी शाळेतल्या पुस्तकातलं. त्यानं गेट अर्धंच उघडलं. चाकांवर औषधाचा फवारा मारायला पंपवाल्याला हाकही मारली नाही, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

म्हणाला, आज पिल्लं येणार असं मला कुणी सांगितलेलं नाही. शेड धुऊन, औषध मारून, पडदे लावून बंद केलंय. माणूस आत उभा राहिला तरी डोळ्यांतून धारा लागतात, पिल्लं कुठं सोडू? दुसऱ्या शेडमध्ये मोठ्या कोंबड्या, त्यांच्यात नवं पिल्लू न्यायचं नाही. तेव्हा गाडी परत न्या.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हणालो, "हाऊ जित्ता जीव शे, साहेब. सिमेंटनी गोणी नही."

त्याला माझी अहिराणी कळली की नाही कोण जाणे. मान हलवून त्यानं शेठला फोन लावला. शेठ म्हणजे फार्मचे मालक, राहायला नवापुरात, घरात बोलणं गुजराती. सूनबाईंनी घेतला. शेठ लवकर जेवून झोपलेत, त्यांचा फोन बंद आहे आणि उठवलेलं त्यांना चालत नाही, एवढं सांगून त्यांनी ठेवून दिला. मी हॅचरीला लावला. त्यांचं उत्तर ठरलेलंच, दाराबाहेर पडलेलं पिल्लू आम्ही पुन्हा आत घेत नाही, रोगाची भीती असते. घ्या आता! इकडचा दरवाजा बंद, तिकडचाही बंद, आणि मागे जाळीत हजारो चोची उघड्या पडलेल्या.

मी गाडी वळवली तेव्हा मॅनेजर मागून ओरडून सांगत होता, वाटेत खोके कुठं खाली उतरवू नका. गावठी कोंबड्या फिरतात तिथं ठेवलेली पिल्लं मी घेणार नाही, शेठ म्हणाले तरी घेणार नाही.

मग काय, चालवत राहायचं. जायचं कुठंच नव्हतं, फक्त थांबायचं नव्हतं. चिंचपाड्यावरून खांडबाऱ्याला गेलो, बाजारातून वळलो, परत आलो, परत गेलो. डिझेलचा काटा बघवत नव्हता म्हणून बघायचं सोडून दिलं. रेडिओ बंद, काच खाली, एक कान मागे. पिल्लं ओरडत असली की बरं वाटायचं, आणि सारखी ओरडतात म्हणून वैतागही यायचा. एका पानटपरीवाल्यानं मला तिसऱ्यांदा जाताना पाहिलं आणि हात करून विचारलं, रस्ता चुकला का म्हणून. मी त्याला जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता.

तिसऱ्या फेरीला रेल्वे फाटक लागलं. मालगाडी यायची होती आणि ती काही येईना. पुढे जीप, मागे ट्रॅक्टर, हलायला जागा नाही. मी उतरून मागे गेलो, पुठ्ठा घेऊन जाळीशी वारा घालायला लागलो. एका बाजूला घातला की दुसऱ्या बाजूची पिल्लं माना टाकायची. मी वेड्यासारखा गाडीभोवती फिरत होतो.

फाटकाजवळ आंब्याच्या झाडाखाली एक बाई कैऱ्या घेऊन बसली होती. इकडच्या कोकणी आदिवासींतली, मराठी जपून बोलायची. तिनं टोपली बाजूला केली आणि मला खुणेनं बोलावलं. खोके इथं ठेव म्हणाली, सावली गार आहे, वारा आहे, मी पाणी शिंपडते. सावली खरंच दाट होती, घरचं अंगण वाटावं अशी. पण तिच्या पायाशी दोन गावठी कोंबड्या माती उकरत होत्या. मी त्या कोंबड्यांकडे पाहिलं आणि नको म्हणालो. का नको ते तिला समजावून सांगणं मला जमेना. तिला वाटलं असेल, हा तिच्या जागेलाच नको म्हणतोय. तिनं टोपली पुन्हा पुढे ओढली आणि मी पुठ्ठा हलवत राहिलो. मालगाडी आली तीही संपता संपेना.

फाटक उघडलं तोवर मधल्या थप्पीतला आवाज बारीक झाला होता.

शेठ उठले तेव्हा मी पुन्हा चिंचपाड्यापाशी होतो. त्यांचा फोन आला, गाडी फार्मवर घाल म्हणाले, आवाजात झोप आणि राग दोन्ही. पोचलो तेव्हा खाद्याचं गोडाऊन रिकामं करून त्यात भाताचं तूस पसरणं चालू होतं आणि मॅनेजरचा चेहरा पांढराफटक पडला होता. घोळ काय झाला ते त्यानंच सांगितलं. आदल्या संध्याकाळी शेठनी फोनवर विचारलं होतं, "कालनी गाडीचं सगळं बरोबर छे ने?" आता त्या फोनच्या आदल्या दिवशी फार्मवर खाद्याची गाडी येऊन गेलेली. हा म्हणाला, हो शेठ, झालं सगळं. शेठ तिकडे निश्चिंत. गुजरातीत होऊन गेलेला दिवसही काल आणि यायचा दिवसही कालच, हे साताऱ्याकडच्या माणसाला कोण सांगणार? आम्ही सीमेवरची माणसं पुढचं-मागचं ऐकून अंदाज बांधतो. त्यानं सरळ मराठी ऐकलं. माझा अर्धा राग तिथंच उतरला, खोटं कशाला बोलू.

माणसं कमी होती म्हणून मीही आत गेलो. एरवी ड्रायव्हरला आत घेत नाहीत. प्रत्येक पिल्लू उचलायचं, चोच एकदा पाण्यात बुडवायची, त्याला पाणी कळलं की तुसावर सोडायचं. वरच्या खोक्यांतली लगेच पळायला लागली, फार बरं वाटलं. मग मधली थप्पी आली. एकाची चोच बुडवली, हलेना. पुन्हा बुडवली. दुसरं, तिसरं. अंग अजून ऊन होतं. काही खोक्यांत एकही चोच उघडली नाही. मला भडभडून आलं, लाजही वाटली नाही.

मॅनेजर शेजारीच बसला होता. त्याला मी फाटकाचं सांगितलं, त्या बाईचं सांगितलं, आणि तुमच्या अटीसाठी खोके खाली उतरवले नाहीत तेही सांगितलं. त्यानं हातातलं पिल्लू तुसावर सोडलं.

"ठेवायचे होते हो झाडाखाली," तो म्हणाला. "घेतली असती मी. ते गेटवर बोलायचं म्हणून बोललो होतो."

त्यात टोमणा नव्हता, मनापासून बोलला तो. माझी मूठ वळली होती, ती मी सोडली. मेलेल्या पिल्लांचा खोका उचलला, छातीशी धरला आणि खड्डा कुठं आहे ते विचारलं.