गावपळणीचा रकाना

या जानेवारीतही तो तक्ता माझ्या टेबलावर आला आणि माझं डोकं फिरलं. हल्ली मी कुडाळला एका गाड्यांच्या शोरूममध्ये काम करते. तक्त्यावर लिहिलं होतं की प्रत्येकाने आपापल्या धर्माचे सण निवडावेत, म्हणजे वर्षभराच्या रजा आधीच ठरवता येतील. खाली धर्मवार रकाने. मी ख्रिस्ती, म्हणून माझ्या रकान्यात नाताळ, गुड फ्रायडे वगैरे. पेन हातात धरून मी बसले आणि मनात म्हटलं, मेल्यांनो, गावपळण कुठल्या रकान्यात लिहू?

गावपळण म्हणजे काय, हे आमच्या भागाबाहेरच्या माणसाला समजावून सांगावं लागतं. तीन-चार वर्षांनी एकदा आमच्या ग्रामदैवताचा कौल होतो आणि सगळा गाव घरं बंद करून शिवेबाहेर जातो. माणसं, गुरं, शेळ्या, कोंबड्या, कुत्री, सगळी. शिवेपलीकडच्या माळावर माडाच्या झापांच्या राहुट्या घालायच्या आणि तीन दिवस तीन रात्री तिथेच काढायच्या. गावात चिटपाखरू राहत नाही. मग गावकार, म्हणजे गावचे मानकरी, देवाला परत कौल लावतात. देवाने उजवा कौल दिला तर ढोल वाजतो आणि गाव घरी येतो. डावा दिला तर राहा आणखी एक दिवस. यात हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती असा भेद नाही. देव हिंदूंचा असेल, पण गाव सगळ्यांचा ना? आमचे फादरसुद्धा चर्चला कुलूप लावून बाहेर येतात.

मागच्या गावपळणीच्या वेळी मी किनाऱ्यावरच्या एका रिसॉर्टमध्ये होते. काउंटर सांभाळायचं आणि सगळ्यांचा ड्युटी चार्ट लावायचा, हे माझं काम. नोकरी अकरा महिन्यांच्या करारावर, आणि करार जानेवारीत नवा व्हायचा. घरात मी आणि माय, दोघीच. बाबा जाऊन वर्ष झालं होतं. मायचं हृदय वाढलेलं, चार पावलं चालली की धाप लागायची. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की आता जितके दिवस मिळतील तितके आपले.

त्या वर्षी रिसॉर्टला नवे मॅनेजर आले, पुण्याचे. माणूस वाईट नव्हता, खोटं कशाला बोलू. त्यांनीच पहिल्यांदा हा धर्मवार तक्ता आणला. दिवाळीला ख्रिस्ती-मुसलमानांनी काम करायचं, ईदला बाकीच्यांनी, नाताळला मला सुट्टी. तक्त्यात नवरोजही होता, महावीर जयंतीही होती. आमच्यात पारशी कोण नि जैन कोण, देव जाणे. मला तो तक्ता तेव्हा आवडला होता. मी एवढंच म्हटलं की साहेब, आमच्या गावाचं एक राहिलं, पण त्याची तारीख अजून देवालाच माहीत. साहेब हसले. तारीख नसलेला सण चार्टमध्ये कसा टाकणार, म्हणाले. मीही हसले.

मार्गशीर्षात कौल झाला. ढोल वाजवत वाडीवाडीत सांगून गेले. मी बोटांवर दिवस मोजले. परतीचा कौल पडत होता बरोबर नाताळच्या आदल्या दिवशी सकाळी. रिसॉर्ट तेव्हा तुडुंब. मी अर्ज दिला, कारण लिहिलं गावपळण. साहेबांनी वाचलं आणि चिंतेने विचारलं, "कोण पळून गेलं?"

मी सगळं समजावून सांगितलं. ऐकून घेतलं त्यांनी, पण मग कपाळाला आठ्या घालून म्हणाले की मॅडम, तुम्ही तर ख्रिश्चन, हे तुमच्या धर्मात कुठे बसतं? मी म्हटलं, धर्मात नाही बसत, गावात बसतं. ते म्हणाले, चार्टमध्ये गाव असा रकाना नाही. शेवटी तडजोड अशी निघाली की माझी नाताळची मंजूर तीन दिवसांची रजा मी गावपळणीला वापरायची आणि नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी कामावर हजर व्हायचं. नाताळ रिसॉर्टवर. एक दिवस जरी जास्त घेतला तर जानेवारीत करार नाही, हेही त्यांनी शांतपणे सांगून टाकलं.

घरी आले ती रागाने धुमसतच. मायला म्हटलं की तू शेजाऱ्यांबरोबर जा माळावर, मी कामावरून येऊन-जाऊन असेन, नाताळाला आपण दोघी चर्चमध्ये मिसेला जाऊ. ती खुर्चीत बसून नाताळच्या नेवऱ्यांची, म्हणजे करंज्यांची, कड दुमडत होती. मान वर न करता म्हणाली, "नाताळ दर वर्सा येता गो. गावपळण माका आता परत खंय गावतली?"

दुसऱ्या दिवशी मी रजा बदलून घेतली.

घर बंद करताना मायने स्वतः मागच्या दाराला कडी लावली. घरातल्या अल्तारासमोरचा, येशूच्या मूर्तीपुढचा दिवा विझवला, बाबांच्या फोटोवरचा हार नीट केला आणि माझा हात धरून उंबरा ओलांडला. आमच्या घरात रीतच होती तशी. घरातली माणसं बाहेर पडतात एकत्र आणि परत आत जातात तीही एकत्र. अर्धं घर बाहेर आणि अर्धं आत, हे तिला अजिबात चालायचं नाही. शिवेपर्यंत तिला शेजाऱ्याच्या रिक्षातून नेलं. माळावर एका काजूखाली आमची राहुटी. बाजूला रिसॉर्टच्या आचारी चाचांचं बिऱ्हाड. ते खाडीकडच्या मोहल्ल्यातले, आमच्याच गावचे. चाचा रोज पहाटे माळावरून कामावर जात आणि रात्री परत माळावर येत. त्यांनी रजा मागितलीच नव्हती. आचाऱ्याला डिसेंबरात कोण सोडतो, म्हणायचे.

ते तीन दिवस माय अशी खूश होती की मला तिचा रागच येई. अगं, जरा झोप, धाप लागेल. पण ती कसली ऐकते. पेज आणि भाजलेला सुका बांगडा खायची, कोणाची कोंबडी कोणाच्या राहुटीत घुसली यावरून हसायची, आणि दर संध्याकाळी गावाकडे तोंड करून रोझरी म्हणायची. गाव तिकडे काळोखात बुडालेला असायचा, एक दिवा नाही.

चौथ्या दिवशी सकाळी सगळे शिवेकडे कान लावून बसले. सामान बांधून तयार. ऊन चढलं तरी ढोल काही वाजेना. मग गावकार स्वतः चालत आले आणि हात हलवून म्हणाले की कौल डावो झालो, आजचो दिवस रवा. लोकांनी मुकाट्याने बोचकी सोडली. मी मात्र घड्याळ बघितलं. दुपारी मला कामावर पोचायचं होतं, आणि नाताळाच्या रात्री माय माळावर राहणार होती. माळाच्या उतारावर फोनला रेंज नाही. म्हणजे तिचं काय चाललंय, हे मला सकाळपर्यंत कळणार नव्हतं.

मी वर रस्त्यावर जाऊन साहेबांना फोन केला. एक रात्र द्या, म्हटलं. ते म्हणाले की तुमचा देव तारीख पाळत नसेल तर त्याला मी काय करू? माझ्या डोक्यात तिडीकच गेली. पण माय म्हणाली, जा. पोटाचां बघूक होया. शेजारीण आसा माझ्याकडे.

म्हणून गेले. रिसॉर्टवर मला सांताची लाल टोपी दिली घालायला. दारात मोठं झाड, दिव्यांच्या माळा, कापसाचा बर्फ. मालवणात बर्फ! पाहुण्यांना केक वाटायचा आणि हसून हॅपी ख्रिसमस म्हणायचं. साहेबांनी माइकवरून सांगितलं की आमच्याकडे सगळ्या धर्मांचे सण साजरे होतात, आणि मला स्टेजवर बोलावलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी हसले. दात विचकले म्हणा हवं तर. खाली उतरल्यावर मी परत विचारलं, साहेब, माझी आजारी आई उघड्यावर आहे, पाहुण्यांची जेवणं झाल्यावर तरी सोडा. ते खरोखरच बुचकळ्यात पडले.

"मॅडम, तुमचाच सण आम्ही इथे साजरा करतोय ना?"

मी टोपी सरळ केली आणि केक वाटायला गेले.

उजाडताना चाचा माळावरून आले. त्यांचा चेहरा बघूनच मी काउंटर सोडून त्यांच्याकडे धावले. म्हणाले की रात्री मायला धाप लागली होती, झोपता येईना, काजूच्या बुंध्याला टेकून बसवली. पहाटे जरा उतार पडला. आता बरी आहे, पण तुझी वाट बघते. मी तिथल्या तिथे साहेबांकडे गेले. ते म्हणाले, नाश्ता आटोपेपर्यंत थांबा. हॉल भरलाय, आता गेलात तर जानेवारीपासून येऊ नका. मी टोपी काढून काउंटरवर ठेवली. चाचा मागून एवढंच म्हणाले, "जा गो बाय. हयसर मी आसंय."

स्कूटर कशी चालवली ते माझं मला माहीत. वाटेत गावाच्या दिशेने ढोल ऐकू आला. कौल उजवा झाला होता. एरवी त्या आवाजाने ऊर भरून येतो. त्या दिवशी मला धडकीच भरली. लोक आत निघाले असणार, त्यांनी मायलाही रिक्षात घालून नेली असणार. बंद घरात, उंबऱ्यावरून, एकटीला. आणि एकटी असताना धाप लागली तर?

माळावर पोचले तेव्हा राहुट्या मोडून झाल्या होत्या. चुलींची राख, कोंबड्यांची पिसं, विसरलेली एक बादली. आमची राहुटी उभी होती, पण आत कोणी नव्हतं. मायची चालण्याची काठी जमिनीवर आडवी पडलेली. मी हाक मारली, उत्तर नाही. काठी उचलून शिवेकडे धावले.

शिवेच्या दगडाजवळ, अजून माळाच्याच बाजूला, ती प्लास्टिकच्या खुर्चीत बसली होती. अंगावर नाताळासाठी ठेवलेली साडी. बाजूला शेजारीण वैतागून उभी. ती मला म्हणाली की माझा हात धरून इथवर आली, रिक्षा दोनदा येऊन गेली, पण ही बसेल तर शपथ. नुसती एकच धरून बसली आहे. मायने माझ्याकडे बघितलं. श्वास छातीत घरघरत होता.

"इलंस? भायर पडताना दोघी पडलंव. आत एकटी कशी जाऊ?"

मला रडूच फुटलं, आणि वर मी तिच्यावर ओरडले की थंडीत मरायचंय का तुला. ती हसली. काठी तिच्या एका हातात दिली, दुसरा हात मी धरला, आणि आम्ही शीव ओलांडली. तिथून रिक्षाने घरी. घर उघडलं तेव्हा आत दमट वास होता आणि अल्तारावर मुंग्या चढल्या होत्या. चर्चची घंटा वाजली, पण मिसेला जाण्याइतका दम तिच्यात नव्हता. डब्यातल्या नेवऱ्या खाऊन आम्ही दोघींनी नाताळ केला.

जानेवारीत माझा करार झाला नाही. चाचा अजून तिथेच आहेत, कधी भेटले तर रिसॉर्टच्या गमती सांगतात. माय पुढच्या पावसाळ्यात गेली. नाताळ दरवर्षी येतो म्हणाली होती, पण तिच्या वाट्याला तो परत आला नाही.

यंदाच्या तक्त्यावर मी नाताळ लिहिला, गुड फ्रायडे लिहिला आणि मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं, गावपळण, तारीख देव सांगेल तेव्हा. इथल्या साहेबांनी विचारलं की म्हणजे घर बंद करून गाव सोडायचा ना, घरातले किती जण असता तुम्ही? मी म्हटलं, मी एकटीच. बाहेर पडतानाही आणि आत जातानाही.