भिवरानं विषय बदलला नाही

बोरीच्या मल्हारीच्या लेकीनं भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलं, याचं गावाला कौतुक होतं. पण पुढच्या संशोधनाला तिनं जो विषय धरला, त्यानं भल्याभल्यांची डोकी उठली. भिवरा माझी शाळेपासूनची मैत्रीण. तिला कुणी हेकट म्हटलं की मला अजून राग येतो.

विषय असा. वायू इतका थंड करायचा की त्याचे अणू जवळजवळ जागीच थबकतात आणि सगळे मिळून एकच असल्यासारखे वागू लागतात. त्यात वेगळाच, परका असा एक अणू शिरला तर काय होईल? परदेशात तेव्हा उजेडाच्या झोतानं अणूंचा वेग कमी करायला सुरुवात झाली होती, पण असा वायू कुणाच्याच हाती लागला नव्हता. भिवराकडं होतं ते कागदावरचं गणित.

मेंढरं राखणाऱ्या मल्हारीला तिनं एकदा रानातच विचारलं, "बा, आपल्या कळपात दुसऱ्याची मेंढी शिरली की काय व्हतंय?"

"आपली समदी तिला हुंगायला गोळा व्हत्यात. तिला धड चालूबी देत न्हाईत."

"त्येच मी मोजायलेय. तिच्याकडं बघितलं की आपला कळप कसा हाय ते कळतंय."

"मंग मोज की. कोन नको म्हनायलंय?"

नको म्हणणारे लांबच्या विद्यापीठात बसले होते. शहाऐंशी साली विषय मंजूर करणाऱ्या समितीपुढं ती उभी राहिली, तेव्हा मी दाराशीच होते. अध्यक्ष हसत म्हणाले, "वायूचा पत्ता नाही आणि त्यातल्या भेसळीचा अभ्यास? बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी! मी तयार विषय देतो, तो घे. नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल."

"सर, तुरी पेरल्याशिवाय बाजारात येत नसतात," भिवरा म्हणाली. "कुणीतरी आधी पेरायला पाहिजे."

जागा गेली. ती बोरीच्या शाळेत शिकवू लागली आणि दुसऱ्या वर्षी तोच अर्ज घेऊन पुन्हा निघाली. नामांतराच्या मोर्चांमुळं एसटी बंद होती. झरीपर्यंत आम्ही कापसाच्या ट्रकमधून गेलो, पुढं मिळेल त्या वाहनानं. पुन्हा नकारच मिळाला.

घरी आल्यावर तिची आई, कासाबाई, काकुळतीला आली. "बाई, त्येंचाच इषय घे की. पदवी तर मिळंल."

"आये, इषय त्येंचा घेतला तर पदवीबी त्येंचीच."

त्या दिवशी भिवरा रडली. रागानं रडली, आणि डोळे पुसत तिसरा अर्ज लिहायला बसली.

"अजून तेच?" तिसऱ्यांदा अध्यक्षांनी विचारलं. या वेळी ते हसत नव्हते.

"तेच. एक अक्षर बदललं नाही."

"यातून निघणार काय, ते तरी सांग."

"एक परका आत शिरला की बाकीच्यांना जागचं हलावं लागतं. किती हलावं लागतं, ते निघणार आहे." मग तिचा आवाज चढला आणि बोरीची बोली तोंडात आली. "तीन वरसं झाली सर, तुमी मला भाईर ठिवायला बैठका घ्यायलाव. म्हंजी हलायलाव तुमीच!"

समितीतले एक म्हातारे सर खो खो हसले आणि त्यांनीच पहिली सही केली. अध्यक्षांनी शेवटी केली, अन् कागद तिच्याकडं ढकलला. तिनं तो उचलला आणि सरळ बाहेर आली.

मी म्हटलं, "भिवरे, आभार तरी मानायचे व्हते."

"माजं व्हतं ते मला दिलं," ती म्हणाली. "त्याचे कसले आभार?"