एकाच माणसाच्या कानाचे हेडफोन

ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. बायकोला नाही, ताईला नाही. ज्यांना सांगायला हवी होती त्यांना तर नाहीच नाही. आता तुम्ही समोर बसलाच आहात, तर ऐका. मध्येच मी दुसरीकडे वळलो तर धीर धरा – सरळ बोलायची सवय असती तर ही वेळच आली नसती.

शहाद्याला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. दुरुस्ती पोटापुरती. नाव झालं ते हेडफोनमुळे. कुणाला चांगले हेडफोन घ्यायचे असले की पार अक्कलकुव्याहूनही लोक मला विचारायला येतात. मी आधी विचारतो, करणार काय त्यांचं? गेम खेळणार असाल तर पावलं डावीकडून वाजली की पाठीमागून, हे कळलं पाहिजे. सिनेमासाठी बोलणं स्वच्छ हवं, नाहीतर स्फोट तेवढे ऐकू येतात आणि नायिका काय पुटपुटली ते राहून जातं. गाण्यासाठी प्रत्येक वाद्याला आपापली जागा हवी. तिन्ही एकातच हवं असेल तर खोक्यावरचे आकडे वाचू नका, अर्धा तास कानाला लावून बसा. आणि शेवटी एक गोष्ट मी न चुकता सांगतो – कानावरच्या गाद्या पुसता येतील अशाच घ्या. मखमली नको. का, असं कुणी विचारलं की म्हणतो, मखमल घाम धरते. ते खोटं नाही. पण ते कारणही नाही.

माझे वडील, आबा, लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरनेट वाजवायचे. पुढे क्लॅरनेट, मागे ढोल, ताशा, आणि पुढच्या काळात त्यांच्याही मागे गाडीवर चढवलेले कपाटाएवढे स्पीकर. तापीकाठची अशी एखादीच गल्ली असेल जिथून आबा नवरदेवाच्या पुढे वाजवत गेले नाहीत. त्या स्पीकरांच्या तोंडाशी वीस-बावीस लग्नसराया चाललेला माणूस. कान राहणार किती?

क्लॅरनेटच्या तोंडाला एक पत्ती असते, बोरूची पातळ चीप. ओठ लागून लागून ती वाजवणाऱ्याच्या वळणाची होते. आबांच्या बँडमध्ये रिवाज होता – वाद्य मागितलं तर द्यावं, पण पत्ती कुणाला देऊ नये. सख्ख्या भावालाही नाही. दुसऱ्याच्या ओठाला लागली की ती आपली राहत नाही, असं म्हणायचे सगळे. आबांची पत्ती एका छोट्या पत्र्याच्या डबीत असायची आणि ती डबी सदऱ्याच्या आतल्या खिशात. हे लक्षात ठेवा. मला पुन्हा इथंच यायचं आहे.

आबांनी वाजवणं सोडलं तेव्हा कानात सतत गुणगुण सुरू झाली होती. रोज संध्याकाळी ते लसूण घालून कढवलेलं तेल कानात सोडायचे आणि वर कापसाचा बोळा. तेल कानातून ओघळायचं, कल्ल्यांना लागायचं, उशीला लागायचं. आईनं कंटाळून उशीचे अभ्रेच काळे शिवले.

अशात ताईच्या सासरी एक जुनी कॅसेट सापडली. सारंगखेड्याच्या घोड्यांच्या यात्रेतली. तिथं घोडा विकायचा तर नाचवून दाखवतात, आणि नाचवायला बँड लागतो. आबा वाजवताहेत आणि एक घोडा नाचतोय, असं कुणीतरी भरून ठेवलेलं. तेव्हा आबा तिशीचे असतील. मी ती कॅसेट दुकानात नेऊन कॉम्प्युटरवर उतरवली, थोडी साफ केली आणि मोबाइलवर आबांना लावून दिली. फार मोठं काहीतरी केल्याच्या तोऱ्यात होतो मी.

आबा जिवाचा कान करून ऐकत बसले. मोबाइल एकदा या कानाला, एकदा त्या कानाला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "ढोल आयकू येस. मी कोठे शे?"

मी आवाज वाढवला. ढोल वाढला. कान जातात तेव्हा बारीक, उंच सूर आधी जातात – हे मला माहीत होतं, धंदाच तो माझा. क्लॅरनेट नेमकं तिथंच राहतं. आबांना सगळी यात्रा ऐकू येत होती, फक्त आबा सोडून.

आता माझ्या हेडफोनचं सांगतो. मी वर्षभर वाचून, विचारून, मन मारून ते घेतले होते. पाठ जाळीची, आवाज मोकळा, आणि गाद्या राखाडी मखमलीच्या. कानावर ठेवले की कुणीतरी हलकेच तळवे ठेवल्यासारखं वाटायचं. गेम, गाणी, सिनेमे – तिन्हीला तेच. तळहाताच्या फोडासारखे जपायचो मी त्यांना. बायको म्हणायची, एवढं मला जपलं असतं तर! त्यावर मी हसायचो. हसण्यासारखंच होतं तेव्हा.

एका रविवारी दुपारी मी ओसरीवर बसून त्यांच्यावर तीच कॅसेट ऐकत होतो. काय सांगू तुम्हाला? घोड्याच्या पायातले घुंगरू वेगळे, गर्दी वेगळी, आणि त्या सगळ्याच्या पुढ्यात क्लॅरनेट, माझ्यापासून दोन हातांवर. दोन ओळींच्या मध्ये आबा श्वास घेतात, तो श्वाससुद्धा. तिशीतला, दमदार श्वास. माझे डोळे भरून आले. वर पाहिलं तर आबा समोर उभे होते. माझ्या चेहऱ्यावरून त्यांना कळलं असावं मी काय ऐकतोय ते.

"माले लाई दे ना एकदाव," ते म्हणाले. "मी माले आयकू येसू का?"

आता ते सांगायलाच हवं.

मी त्यांच्या कानांकडे पाहिलं. कापसाचा बोळा. कल्ल्याला तेलाची चकचकीत रेघ. मग हातातल्या राखाडी मखमलीकडे पाहिलं. यांचा डाग निघत नाही, एवढंच माझ्या मनात आलं. एवढंच आलं, खरंच. आणि मी म्हणालो, "आबा, हाई एकच माणूसना कानले बसाडेल ऱ्हास. दुसरानी लायं का बिघडी जास."

हेडफोन एकाच माणसाच्या कानाला बसवलेले असतात, दुसऱ्यानं घातले की बिघडतात. अशी थाप! दुकानात कुणी अडाण्यातला अडाणी गिऱ्हाईक आला तरी त्याला मी ही थाप मारली नसती. तोही हसला असता.

आबा हसले नाहीत. त्यांनी मान डोलवली, अगदी मनापासून. "हां," म्हणाले, "मंग पत्तीगतच शे ते. ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे." आणि वरून माझ्याकडेच शरमल्यासारखं बघितलं – नको ते मागितलं म्हणून.

त्यांना पटलं, कारण आयुष्यभर ते त्याच रिवाजात जगले होते. दुसऱ्या कुणाच्या बापाला हे पटलं नसतं. मी त्यांच्याच इमानाचा फायदा घेतला.

रुमाल ठेवता आला असता की नाही मध्ये? आला असता. कान पुसून देता आले असते, माझ्याच हातांनी. दुकानात साधे, पुसता येतील अशा गाद्यांचे पाच-सहा हेडफोन टांगलेले होते, उद्या एक आणू असं मी मनाशी म्हणालोसुद्धा. पण आणला असता तर मग हे दुसऱ्याला कसे चालतात, असं आबांनी विचारलं असतं. एक थाप राखायला माणूस किती लांबचा वळसा घेतो बघा. उद्या आणू, परवा आणू. दोन वर्षं मी वेळ मारून नेली.

आणि आबा? आबा त्या हेडफोनचे राखणदार झाले. मी ते खुंटीला अडकवून दुकानात गेलो की ते स्वतःचा धुतलेला पंचा त्यांच्यावर टाकायचे, धूळ बसू नये म्हणून. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ताई माहेरी आली होती. दुपारी मोबाइलवर सिनेमा बघायला तिनं हेडफोन घेतले, तर आबांनी तिच्या हातातून काढून परत खुंटीला लावले. तिला सांगितलं, याला भावाशिवाय दुसऱ्याचा कान चालत नाही. त्यात अभिमान होता, हो. पोराकडे आपल्यासारखीच कुणाला न द्यायची वस्तू आहे, याचा अभिमान. ताई माझ्याकडे बघून डोळे मिचकावून हसली. तिला वाटलं, मी आबांची गंमत केली आहे. मीही हसलो. तिला अजून गंमतच वाटते ती.

मागच्या पावसाळ्यात आबांना ढोलही ऐकू येईनासा झाला. डॉक्टर म्हणाले, यंत्र बसवून बघा, पण फार आशा धरू नका. त्या दिवशी दवाखान्यातून आल्यावर मी ओसरीवर आबांसमोर बसलो, कॅसेट लावली, खुंटीवरचे हेडफोन काढले आणि दोन्ही हातांनी त्यांच्या कानांपाशी नेले. त्यांना वाटलं, मी विसरलो. त्यांनी घाईनं माझी मनगटं धरली. "बिघडी जाई रे," ते म्हणाले.

बोललो असतो तर ऐकू गेलं नसतं. पण आबांना वाचता यायचं. दिवसभर पेपर वाचत बसायचे ते. बाजूलाच पेपर पडला होता, माझ्या खिशाला पेन होतं. दोन शब्द लिहायचे होते – खोटं बोललो. मी पेनाला हात लावला नाही. आणि लपवायचं कशाला आता – त्यांनी मनगटं धरली तेव्हा मला थोडं सुटल्यासारखं वाटलं. मी हेडफोन परत खुंटीला लावले. आबांनी त्यांच्यावर पंचा टाकला.

थंडीत आबा गेले. यात्रेचे घोडे रस्त्यानं सारंगखेड्याकडे जाताना दिसायला लागले होते तेव्हा.

आता कॅसेट मी एकटाच ऐकतो. गाणी, गेम, सिनेमे – त्या हेडफोनवर दुसरं काही लावत नाही. वाजवणं मला आता पाठ झालं आहे, ते ऐकतही नाही मी. मी ओळ संपण्याची वाट बघत असतो, आबा श्वास घेतील म्हणून. अकरा वेळा घेतात. गाद्या अजून नव्यासारख्या आहेत. एकही डाग नाही.

परवा ताईनं आबांच्या सदऱ्यातली ती पत्र्याची डबी माझ्या हातात दिली. उघडली तर आत पत्ती होती, पिवळी पडलेली, टोकाला किंचित झिजलेली. आणि मला एकदम आठवलं. मी सहा-सात वर्षांचा असेन. बँड कुठल्यातरी मांडवात जेवायला बसला होता. मी क्लॅरनेट वाजवायचंच म्हणून हट्ट धरला होता. बाकीचे म्हणाले, वाद्य दे, पत्ती काढून घे. आबांनी काढली नाही. तशीच माझ्या तोंडात धरली. मी गाल फुगवून फुंकलं – आवाज कसला, नुसती फुसफुस आणि लाळ. सगळे हसले. तेवढ्यात वरात निघाली, बोलावणं आलं. पत्ती माझ्या लाळेनं ओली झाली होती. आबांनी ती पुसली नाही. तशीच ओठात धरली आणि वाजवायला लागले.