होल्यांचा भरवसा

"थांब ना बाप्पा, पाव्हणे जेवून राह्यले." गिऱ्हाइकाकडे न पाहता, नुसता तळहात वर करून काकाजी म्हणायचे. बियाणं घ्यायला बोर धरणाकडच्या गावाहून आलेलं ते गिऱ्हाईक बिचारं मोटारसायकलवरच बसून राही. पाहुणे म्हणजे दुकानासमोरच्या कडुनिंबाखाली ज्वारी टिपणारी पाखरं. हिंगणीत काकाजींचं कृषी केंद्र माझ्या झेरॉक्सच्या दुकानाला लागूनच होतं, त्यामुळे धंद्याचा हा सत्यानाश मी रोज फुकटात पाहत असे.

पाखरांची नावं सांगणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. काकाजी स्वभाव सांगत. साळुंकी म्हणजे गावची पाटलीण; आधी पाहील, मग चाखेल, मग बाकीच्यांना हाकलेल. सातभाई म्हणजे वाटणी न झालेलं घर. दिवसभर कलकलाट, पण एकावर ससाणा आला की सगळे धावणार. कोतवालाला तर ते चक्क सलाम ठोकायचे. "एवढासा जीव, पण घारीले सोडत नाई." आणि होला? "होला गरीब, बावा. त्याले कपट समजतच नाई."

कबुतराच्या जातीच्या या भुरक्या होल्यांवर त्यांचा सगळ्यात जास्त जीव. माणसाची चाहूल लागली की ते उडायचे. ओळख पटावी म्हणून काकाजी सारा उन्हाळा खुर्चीत न हलता बसले. डास चावला तरी हात उचलत नसत. शेवटी होले त्यांच्या चपलांजवळ येऊन दाणे टिपू लागले, तेव्हा म्हाताऱ्यानं मला पेढा चारला.

मी म्हटलं, "काकाजी, नातू झाला तेव्हा तर साखरेवर भागवलं होतं तुम्ही."

"नातू त येणारच होता," ते हसले. "हे काऊन येतीन माह्याकडे?"

डोळ्यांत मोतीबिंदू वाढत होता. मुलगा ऑपरेशनसाठी हात धुऊन मागे लागला होता. "डोये बांधून घरात बसलो, त यायच्याकडे कोण पाहीन?" एवढं बोलून ते विषय संपवत.

मग दुकानात उंदरांनी ज्वारीच्या बियाण्याचं एक पाकीट फोडलं. पेरणीच्या बियाण्याला औषध लावलेलं असतं, गुलाबी रंगाचं. ते खायचं नसतं हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं, आणि काकाजींनी तर साऱ्या पंचक्रोशीला ते बजावून बजावून विकलेलं. सांडू नये म्हणून त्यांनीच ते एका रिकाम्या डब्यात ओतून ठेवलं. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता, त्या डोळ्यांनी, त्यांनी पाखरांच्या ज्वारीचा समजून तोच डबा उचलला आणि कडुनिंबाखाली रिकामा केला. गुलाबी त्यांना दिसलंच नाही.

मी दुकान उघडायला आलो तेव्हा काकाजी खाली मातीत बसले होते. साळुंकीनं चाखून सोडून दिलं असावं, ती वर फांदीवर ओरडत होती. सातभाई आलेच नव्हते. होले मात्र त्यांच्याभोवती पडले होते. एकाची मान अजून हलत होती. मी धावत पाणी आणलं, पण ते चोचीतून बाहेरच ओघळलं.

"मीच शिकवलं ना रे त्यायले," काकाजी म्हणाले. "भेत होते तेच बरं होतं."

चूक होती, मुद्दाम केलं नाही, असं मुलानं पुष्कळ समजावलं. पुढे मुलगा म्हणाला तसं काकाजींनी मुकाट्यानं ऑपरेशनही करून घेतलं. डोळे लख्ख झाले, पण त्या डोळ्यांनी पाहावं असं त्यांना काही उरलं नव्हतं. पुढची पेरणी यायच्या आत ते गेले.

त्या सकाळी कुठेतरी दूर असलेला एक होला वाचला होता. काकाजी होते तोवर तो रोज यायचा. काकाजी मातीचं ढेकूळ उचलून त्याच्या दिशेनं भिरकावत. "जाय रे, नको येऊ माह्याकडे!" होला जरासा उडायचा, पलीकडे बसायचा आणि मान हलवत परत त्यांच्याकडेच चालत यायचा.