ओतिल्याची खाट

आमच्या गढीच्या दारात आता पितळी पाटी लावलीय. कुठल्याशा ड्यूकने ती बांधली, स्वीडनच्या सैन्याने जाळली, मग एका जर्मन काउंटने विकत घेऊन तिच्यावर मनोरे चढवले, सगळं रीतसर कोरलंय. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळाला मात्र एकच ओळ मिळालीय: ‘या वर्षांत वास्तूची अतोनात हेळसांड झाली.’ ती हेळसांड म्हणजे आम्ही. आम्ही तिथे राहायचो, नाचाच्या दालनात डुकरं पाळायचो आणि प्रार्थनाघरात बटाटे साठवायचो. त्याच बटाट्यांच्या पोत्यांवर ओतिल्या ग्रोखोल मेली. पाटीवर तिचं नाव नाही, म्हणून मी सांगते.

ओतिल्या काउंटच्या घरची धुणी धुवायची. लहान वयात खाणकामगार बापाने तिला गढीवर आणून सोडलं, ती तिथलीच झाली. पंचेचाळीसच्या जानेवारीत रशियन तोफा ऐकू यायला लागल्या, तशी काउंटची मंडळी घोडागाड्यांत बसून पळाली. चांदी नेली, कुत्रे नेले, हिला नेलं नाही. “आम्ही परत येईपर्यंत पडदे धुऊन ठेव,” असं काउंटची बायको जाताजाता म्हणाली. या वेडीने खरंच धुतले. रशियन शिपायांनी ते फाडून पायांना गुंडाळले.

मग आम्ही आलो. पोलंडच्या पूर्वेकडची, बूग नदीपलीकडची आमची गावं रशियाच्या घशात गेली होती, आणि आम्हाला गुरांच्या डब्यांत भरून इकडे, जर्मनांकडून पोलंडला मिळालेल्या मुलखात, आणून ओतलं होतं. गढीत खोल्या वाटायला कुणी नव्हतं. जिथे तुमची खाट लागली ती खोली तुमची, एवढाच तिथला कायदा. माझ्या बापाने जेवणाच्या दालनाचा कोपरा धरला, तेव्हा आईला दिवसभर खाटेवरून उठू दिलं नव्हतं. पुढे सरकारी शेताचा मॅनेजर आला, त्यानेही हाच कायदा चालू ठेवला. दुसरा करायची त्याची छाती नव्हती.

ओतिल्याची खाट आधीपासूनच धुणीघराशेजारच्या खोलीत होती. खोली टीचभर, पण तिच्यात हिरव्या टाइल्सची उंच शेगडी होती आणि ती धूर न करता पेटायची. आमच्या भिंतींवर हिवाळ्यात बर्फ धरायचं. त्या शेगडीवर सगळ्यांचा डोळा होता.

ती आमच्याच चर्चमध्ये गुडघे टेकायची, पोलिश बोलायची, पण बोलताना मधूनच एखादा जर्मन शब्द निसटायचा. तेवढं पुरलं. ‘जर्मनीण’ हेच तिचं नाव पडलं. जर्मनांनी आमची माणसं मारली होती. काउंट हाताला लागला नाही, ही लागली. विहिरीवर तिची बादली लाथेने मागे सारायचे. ती मुकाट्याने पुन्हा रांगेत उभी राहायची.

तिला एकच गोष्ट हवी होती. या लोकांनी आपल्याला आपलं म्हणावं. आणि ती आशा तिने ओल्या सोमवारावर लावून ठेवली होती.

ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, ओल्या सोमवारी, आमच्याकडे पोरं बिनलग्नाच्या पोरींवर बादल्या रिकाम्या करतात. जी कोरडी राहिली तिची वर्षभर फजिती. भिजलेलीने भिजवणाऱ्याला रंगवलेलं अंडं द्यायचं, म्हणजे तिची सुटका. आणि जी सगळ्यांची लाडकी, तिला अंथरुणातून उठूच देत नाहीत, खाटेसकट तळ्यात नेऊन टाकतात. ओतिल्याने चाळिशी गाठली होती, पण लग्न झालेलं नव्हतं, तेव्हा रीतीप्रमाणे ती पोरगीच. दर वर्षी ती रंग चढावा म्हणून कांद्याच्या सालींत अंडी उकळायची, त्यांच्यावर चाकूच्या टोकाने फुलं कोरायची आणि निळं पोलकं घालून दाराशी बसायची. पोरं बादल्या घेऊन तिच्यासमोरून धावत जायची. थेंब उडवायची नाहीत.

“ओतिल्या, छत्री घे गं, भिजशील!” माझी आई ओरडायची, आणि सगळा बोळ खिदळायचा. ओतिल्याही हसायची. मग आठवडाभर ती अंडी एकटीच खात बसायची.

ती मेली त्या वर्षी ईस्टर फार लवकर आला. तळ्यावर अजून बर्फाचा पापुद्रा होता. आमची शेजारीण गेनोवेफा बिएन्याश हिच्या खोलीचं छत गळत होतं आणि तिच्या सुनेला दिवस भरत आले होते. “ती जर्मनीण एकटी शेगडीला पाय लावून लोळणार आणि माझा नातू काय बर्फात जन्मणार?” असं ती येताजाता म्हणायची. सोमवारी पहाटेच तिने आपल्या चार मुलग्यांना कामाला लावलं.

ओतिल्या अजून अंथरुणात होती. चौघांनी खाटेचे चार पाय धरले आणि तिच्यासकट उचलली. “अरे मेल्यांनो, सोडा मला! वय बघा माझं!” ती किंचाळत होती, आणि चेहरा असा फुलला होता की तसा मी कधीच पाहिला नव्हता. उशाजवळची अंड्यांची टोपली तिने झटकन उचलून घेतली. सगळी गढी टाळ्या वाजवत मागे निघाली. तळ्याशी त्यांनी एक, दोन, तीन केलं आणि खाट फेकली. बर्फ फुटलं. ओतिल्या गळाभर पाण्यातून टोपली डोक्यावर धरून बाहेर आली. दात वाजत होते, तरी हसत होती. चौघांच्या हातावर तिने एकेक अंडं ठेवलं.

“देव तुमचं भलं करो रे, पोरांनो.”

थोरला झिगमुंट मान खाली घालून उभा राहिला. बाकीचे तिघे हसत होते.

मीही भिजले होते, म्हणून आई मला घेऊन परत निघाली. ओतिल्या आमच्या पुढेच होती. तिच्या दाराबाहेर तिचा बाक, तिचे कपडे आणि मेरीमातेची तसबीर भिंतीला टेकवून ठेवली होती. दार आतून बंद. शेगडीत लाकडं तडतडत होती.

तिला वाटलं, खेळच चाललाय. तिने दारावर टकटक केलं. “गेनोवेफाबाई, ओळखलं हं! उघडा आता, गारठले.”

“खाट लागलीय इथे,” आतून गेनोवेफा म्हणाली. “सून झोपलीय.”

“बरं बाई, अंडं देते. मग तर सोडाल ना?”

दार वीतभर उघडलं. एक हात बाहेर आला, अंडं घेऊन आत गेला, आणि कडी लागली.

ओतिल्याने टोपलीत हात घातला. अंगावरून पाणी निथळत होतं. “अजून एक आहे,” ती दाराला म्हणाली. “हे सगळ्यांत छान जमलंय.”

“ओतिल्या, पुरे झालं,” आई म्हणाली. “तुला बाहेर काढायलाच खाट उचलली त्यांनी. एवढंही कळत नाही?”

ती वळली. ओठ निळे पडले होते. “पण मला भिजवलं ना? सगळ्यांनी पाहिलं. म्हणजे मी आता तुमच्यातलीच. आपल्या माणसाला कुणी बाहेर काढतं का?”

“आमच्यातल्या पोरीची खाट पोरं परत आणून देतात,” आई म्हणाली, आणि माझ्या दंडाला धरून मला आत ओढलं. आईला जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण या वाक्यासाठी मी तिला माफ केलेलं नाही.

मी खिडकीशी गेले. ओतिल्या पुन्हा तळ्यावर आली होती. टोपली काठावर ठेवून ती पाण्यात शिरली आणि एकटीच खाट ओढायला लागली.